कांगलांची जागा

श्रावण संपत आला की माझा फोन कुरकुरायला लागतो. वर्षभर मेल्यासारखा पडलेला माझा ब्लॉग, त्याच्यावर लोक यायला लागतात. "माटोळीत काय काय बांधतात?" "ते लाल गोल फळ कसलं?" "सर, यंदा पुढचं लिहिणार ना?" सर म्हणे! तुयेच्या एका कारखान्यात मी इलेक्ट्रिशियन आहे. अंगाला तेलाचा आणि जळक्या वायरीचा वास, आणि शिक्षण बारावीपर्यंत, तेही ढकलत ढकलत. मला आयुष्यात कोणी सर म्हटलं नव्हतं. ब्लॉगवर म्हणाले आणि मी हुरळलो. सगळं तिथूनच बिघडलं.

आज सकाळीही एक प्रश्न आला आहे. बाहेर पाऊस आहे, पण ह्या दिवसांतला असतो तसा, थांबून थांबून, कंटाळल्यासारखा. पोदेर, आमचा पाववाला, मघाशीच पोंपों करत गेला, उंडे मेजावर गार होतायत. मी जनेलापाशी, खिडकीला लागून, कदेल ओढून बसलोय आणि त्या प्रश्नाकडे बघतोय. कोणी एक बाई विचारतेय, "कांगलां कुठे मिळतील हो?" उत्तर द्यायला माझं बोट पुढे होत नाही.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. आमच्या गोव्यात चवथीला गणपती बसतो त्याच्या बरोबर डोक्यावर छताला एक लाकडी चौकट टांगतात. तिला रानातली फळं, शेंगा, वेली, सुपारीचे घोस, नारळ, आंबाडे, काकड्या असं जे जे त्या दिवसांत पिकतं ते बांधायचं. ती माटोळी. मूर्ती कोणीही आणून ठेवील. घर कसं आहे हे कळतं माटोळीवरून. आमच्या कोरगावात आरतीला आलेला माणूस देवाला हात जोडतो आणि लगेच मान वर करून मोजणी सुरू करतो, ह्यांच्याकडे काय आहे आणि काय राहिलं.

आमची माटोळी बाबा बांधायचे. आदल्या दिवशी सकाळपासून स्टुलावर चढून. मी खाली उभा राहून दोर द्यायचा. केवणीच्या सालीचे दोर, रात्रभर पाण्यात भिजवलेले, हाताला बुळबुळीत लागायचे आणि त्यांचा ओल्या लाकडासारखा एक वास यायचा. एकेक फळ बांधताना बाबा त्याचं नाव मोठ्याने घ्यायचे. घागऱ्यो. नागूलकुडो. माट्टी. कवंडळ. मधेच खाली बघून मला विचारायचे, "हें कितें रे?" मी म्हणायचो, "तुमीच बांधा बाबा, माका कामार वचपाचें आसा." दर वर्षी हेच, कामावर जायचं निमित्त. तीस वर्षं मी दोर दिले आणि एक नाव घेतलं नाही. आता वाटतं, ते बाबांचं विचारणं म्हणजे शिकवणंच होतं. दुसरी कुठली रीत त्यांना येत नव्हती आणि मला तेवढीही कळली नाही.

चार वर्षांपूर्वी बाबा गेले, ऐन उन्हाळ्यात. त्या सालची चवथ आली तेव्हा स्टुलावर मी चढलो. म्हापशाच्या बाजारातून माटोळीचं तयार गाठोडं आणलं होतं. सुलभा, माझी बायको, दोर देत होती. तिने एक लालभडक फळ माझ्या हातात दिलं आणि सहज विचारलं, "ह्याचें नांव कितें?" मला सांगता येईना. बाबांनी ते तीस वेळा माझ्यासमोर घेतलं असेल. मी स्टुलावर तसाच उभा राहिलो, हातात फळ, छताकडे तोंड. अठ्ठेचाळीस वर्षांचा घोडा, आणि रडू आलं. सुलभाला वाटलं बाबांच्या आठवणीने. खरं तर लाज वाटली होती.

ब्लॉग काढायचं डोकं माझं नव्हे, तानाजीचं. तानाजी आमच्या कारखान्यात मोटारी भरतो, म्हणजे जळलेल्या मोटारीची तांब्याची तार काढून नवी गुंडाळतो. कोल्हापूरकडचा, आजऱ्याच्या वरच्या अंगाचा. कोरगावात आमच्या घरामागेच खोली घेऊन राहतो. आठवीत शाळा सोडलेला माणूस. इथे आला तेव्हा बांधकामावर विटा उचलायचा. मग कुठल्याशा ब्लॉगवर एका अनोळखी माणसाने मोटार कशी भरायची ते चित्रं काढून लिहिलेलं त्याला सापडलं. ते वाचून, भंगारातल्या पंख्यांवर हात बसवून, तो कारागीर झाला. मला म्हणायचा, "सायेब, शाळंनं मला मारलं तेवढं. शिकिवलं ह्या ब्लॉगवाल्यानं. त्याचं तोंड बी मी बघितलं न्हाई." माझं स्टुलावरचं रडगाणं त्याने ऐकलं आणि म्हणाला, "मग तुमी बी लिवा की. येतंय ते न्हवं, येत न्हाई ते लिवा. लोक सांगत्यात."

चहाच्या सुट्टीत त्यानेच मला ब्लॉग उघडून दिला. मी एका बोटाने मराठी टाइप करायचो. एक फळ, एक फोटो, खाली दोन ओळी. "ह्याचं नाव मला ठाऊक नाही. माझ्या वडिलांना ठाऊक होतं. कोणाला माहीत असेल तर सांगा." आणि लोकांनी सांगितलं हो! ते लाल फळ कवंडळ, म्हणून बेळगावहून एका नर्सबाईने लिहिलं. तिचं माहेर डिचोलीकडचं. वर ताकीदही दिली, विषारी आहे, पोरांच्या हाती देऊ नका. सावंतवाडीकडचे एक निवृत्त वनरक्षक माझी प्रत्येक चूक दुरुस्त करायचे आणि शेवटी लिहायचे, "राग मानू नये." आखातात कुठेतरी क्रेन चालवणारा एक पेडण्याचा माणूस होता. तो नावं वाचून फक्त "होय, होय" एवढंच लिहायचा. एकदा त्याने लिहिलं, आज घागऱ्यांचा आवाज आठवला. हलवल्या की खुळखुळणाऱ्या वाळक्या शेंगा त्या.

त्या दोन वर्षांत मी जेवढं शिकलो तेवढं शाळेत शिकलो नाही. शाळेत चुकलं की छडी. मोठेपणी चुकलं की हसं, म्हणून मोठी माणसं विचारतच नाहीत. पन्नाशीच्या माणसाने बाजारात उभं राहून "हे काय?" म्हणायचं म्हणजे केवढी नामुष्की! ब्लॉगवर ती नामुष्की नव्हती. तिथे सगळेच आपापल्या ठिकाणी बसून, आपापली लाज पोटात घालून एकमेकांना विचारत होते. सगळ्यांचे बाप गेलेले आणि सगळ्यांनी नुसते दोर दिलेले. परीक्षा नाही, नंबर नाही. संध्याकाळी कामावरून आलं की अंघोळ करायची आणि आज कोणी काय सांगितलं ते बघायचं. मी खूश होतो. ते आता कबूल करायला जड जातं, पण होतो.

सुभद्राबाय मला भेटली ती ब्लॉगच्या दुसऱ्या चवथीला, डिचोलीच्या बाजारात. चवथीच्या आधी दोन दिवस तिथे माटोळीचा बाजार भरतो. डोंगराकडच्या बाया रस्त्याच्या कडेला गोणपाट टाकून बसतात, वर प्लास्टिक बांधलेलं, त्याच्यावरून पाणी ठिबकत असतं. चिखल, चाफा, पिकलेलं चिबूड, ओल्या वेली, सगळ्यांचा मिळून एक वास. सुभद्राबाय सत्तरीच्या घरातली, काळीसावळी, बारीक, कासोटा घातलेली. तिच्यापुढे कांगलांचे घोस होते. पुस्तकात ह्या वेलीला मालकांगोणी म्हणतात. बारीक, हिरवी पिवळी, मण्यासारखी फळं, घोसाने लोंबतात. बाबांच्या माटोळीत ती असायची. अलीकडे कुठे दिसत नव्हती.

मी वाकून विचारलं, "मावशे, हें कितें?"

"घेवचें आसा काय फकत विचारूचें आसा?"

"दोनय."

"घे मरे पयलीं. मागीर सांगतां."

मी घेतलं आणि तिने सांगितलं. मग तिथे जे जे होतं त्या सगळ्याचं सांगितलं. मी वहीत लिहून घेत होतो. ती हसायला लागली, म्हणाली, इतका मोठा बाबा आणि मास्तरासमोर बसल्यासारखा काय बसलाय! मी बाबांची गोष्ट सांगितली. ती हातातला दोर वळत म्हणाली, "जिवंत आसतना विचारूक जायना, मागीर रडटात. सगळे सारके."

त्यानंतर मी तिच्या घरी गेलो, एकदा सोडून तीनदा. डिचोलीच्या पलीकडे डोंगराच्या पोटात तिचा वाडा, म्हणजे वस्ती. गावाचं नाव लिहीत नाही, आता तरी लिहीत नाही. तिसऱ्या खेपेला ती म्हणाली, चल दाखवते. पायांना जळवा लागू नयेत म्हणून तंबाखूचं पाणी चोळलं आणि आम्ही वर चढलो. तिला सून आहे, भली आहे, पण ती रानात येत नाही. "सून म्हणता, माका जळवांची भिरांत दिसता. हांवें मेल्यार कोण येतलो हांगा?" हे ती रडून बोलली नाही, चालता चालता बोलली. पुढे झऱ्याच्या वरच्या अंगाला एक किंदळीचं झाड होतं आणि त्याच्यावर ती वेल चढलेली. खोड माझ्या मनगटाएवढं. वर शेंड्याला घोसच्या घोस. तिच्या आईने तिला ती जागा दाखवली होती, लग्नाच्या आधी. आईने तिला एकटीलाच दाखवली होती.

तिने कोयता माझ्या हाती दिला आणि कसं कापायचं ते शिकवलं. फांदीचे मनातल्या मनात तीन वाटे करायचे. "एक वाटो देवाक, दोन वाटे येलीक. शेंडो घेवचो, मूळ सोडचें." मी जरा जास्त कापायला गेलो तर तिने माझ्या मनगटावर चापट मारली. एवढी मोठी चापट मी बाबांच्या हातची खाल्ली होती, लहानपणी. राग नाही आला. बरं वाटलं.

मी फोन काढला तेव्हा तिने विचारलं, ह्याचं काय करणार? मी ब्लॉग समजावून सांगितला. तिला किती कळलं देव जाणे, पण एवढं कळलं की दुसरे लोक बघतील. म्हणाली, "नाव लिव. फोटो काड. पण जागो लिवू नको हां, पुता." मी म्हटलं, छे छे मावशे, जागो कित्याक लिवतलों? आणि खरंच लिहिली नाही. कांगलांवर लिहिलेला तो लेख लोकांना फार आवडला. तिचं नाव न घालता मी तिचे तीन वाटे सांगितले. वनरक्षकांनी लिहिलं, "ही रीत प्रथमच ऐकली, धन्यवाद." आखातातला माणूस म्हणाला, होय, होय.

चार दिवसांनी एक प्रतिक्रिया आली. नाव नाही, चेहरा नाही. "फोटो छान आहे, पण कुठून उचलला? एवढी मोठी वेल आता आपल्याकडे राहिलेलीच नाही. बाजारातून विकत आणून रानात गेल्याच्या गप्पा मारणारे बरेच आहेत."

अंगाला आग लागली माझ्या. उचलला? मी? जळवांनी माझे पाय फोडले होते! मी त्याच क्षणी, चप्पलही न काढता, दारात उभा राहून उत्तर लिहिलं. अमुक गावच्या देवळामागून पायवाट वर जाते, झऱ्यापाशी डावीकडे वळा, किंदळीच्या झाडावर वेल आहे, खात्री करून घ्या, जाऊन बघा आणि मग बोला. एका बोटाने टाइप करणारा मी, पाच मिनिटांत लिहून मोकळा. उथळ पाण्याला खळखळाट फार, दुसरं काय. शेवटी वर "धन्यवाद" पण लिहिलं, टोमणा म्हणून.

दुसऱ्या दिवशी तानाजी कारखान्यात माझ्यापाशी आला, हातात फोन. "सायेब, जागा लिवलीसा व्हय?"

"मग काय खोटा ठरू?"

"न्हाई, तसं न्हाई." तो जरा घुटमळला. "आमच्याकडं मधाचं पोळं घावलं तर माणूस बायकोला बी सांगत न्हाई."

मी त्याला सुनावलं. म्हटलं, तुझ्या त्या मोटारवाल्याने असाच विचार केला असता तर तू अजून विटा उचलत असतास. ज्ञान वाटल्याने वाढतं, मेल्या! त्याने मान हलवली आणि कामाला गेला. माझं बोलणं त्याला पटलं असं मला वाटलं. मोटार कशी भरायची हे लाख जणांनी वाचलं तरी ते संपत नाही. वेल एकच होती, हा साधा हिशोब त्या आठवीत शाळा सोडलेल्या माणसाला कळला आणि मला, सरांना, कळला नाही.

हे झालं परवाच्या साली. पुढचं सगळं गेल्या सालचं, ह्याच दिवसांतलं.

चवथीला पाच दिवस होते. मी रजा टाकून सुभद्राबायकडे गेलो, बरोबर कोयता, दोर, तिच्यासाठी दोन उंडे आणि चहाची पूड. सून म्हणाली, सकाळीच वर गेल्यात. मी एकटाच चढलो. पायवाट रुंद झालेली दिसली, गवत लोळवलेलं. झऱ्यापाशी पाण्याच्या प्लास्टिकच्या बाटल्या पडल्या होत्या आणि गुटख्याच्या पुड्या. वर गेलो तर सुभद्राबाय एका दगडावर बसलेली, डोकीवर गोणपाटाची खोळ, पाय पसरलेले.

वेल गुडघ्याच्या उंचीवर कापली होती. एका घावात नव्हे, चार-पाच घाव घालून, चेचून. वरचा सगळा पसारा ओढून खाली पाडलेला. त्या ओढण्यात किंदळीच्या दोन फांद्या मोडल्या होत्या. पिकले घोस नेले, कोवळे तुडवले. पानं वाळून तांबूस झाली होती. म्हणजे आठवडा तरी झाला असेल. अख्खी वेल कशाला रे कापायची? शेंड्याला हात पोचत नाही म्हणून मुळावर घाव. मी माझ्या लेखात तीन वाटे लिहिले होते, ते कोणी वाचले नाहीत. खालची जागा तेवढी वाचली.

सुभद्राबायने माझ्याकडे बघितलं. डोळे कोरडे होते. म्हणाली, "आयेन दाखयली ती. पन्नास वर्सां म्हज्या हातान एक काडी जास्त कापूंक ना."

मी कोयता खाली ठेवला.

"खंयसून आयले काय लोक. जागो कोणाक ठाव? माका, नी तुका." एवढं बोलून ती थांबली. मग तिनेच हात हलवला, माशी वारावी तसा. "तू न्हय रे. तू कित्याक सांगशीत?"

तेव्हा सांगायला हवं होतं. तोंडात शब्द आला होता, देवाशपथ आला होता. पण ती उठली, झऱ्यावर जाऊन ओंजळभर चिखल घेऊन आली आणि कापलेल्या खोडावर लिंपायला लागली. मला म्हणाली, आणखी आण. मी चिखल आणून देत राहिलो आणि ती लिंपत राहिली. म्हणजे पुन्हा तेच. मी खाली उभा राहून सामान द्यायचं आणि तोंडातून अक्षर काढायचं नाही. उतरताना तिने मलाच धीर दिला. म्हणाली, एवढं तोंड पाडू नकोस, रान मोठं आहे, आणखी कुठे असेल. तिच्या घरी तिने मला चहा दिला. मीच आणलेल्या पुडीचा.

घरी आल्या आल्या मी ब्लॉगवरचं माझं ते उत्तर पुसून टाकलं. काय उपयोग? तानाजीने मला दाखवलं, त्या उत्तराचा फोटो काढून कोणीतरी गावोगावच्या ग्रुपांवर कधीचाच फिरवला होता. वर मोठ्या अक्षरांत, "माटोळीसाठी कांगलां फुकट, ही घ्या जागा." खाली किती अंगठे, किती हात जोडलेले! माझी भाषा, माझं "झऱ्यापाशी डावीकडे", सगळं जसंच्या तसं. ज्याने मला खोटारडा म्हटलं होतं तो मात्र परत आलाच नाही. त्याच्या मी लक्षातही नसेन. येता जाता दगड मारून गेलेला माणूस.

"जाऊन सांगा त्यास्नी," तानाजी म्हणाला.

"काय सांगू?"

"खरं. काय असंल ते."

मी सबबी सांगायला लागलो. लोक कुठूनही शोधून काढतातच, कोणी गुराख्याने दाखवली असेल, वेल तशीही जुनी होती. तानाजी ऐकत राहिला. मग म्हणाला, "सायेब, मोटार जळली की तुमी पयला काय इचारता? शेवटचा हात कुणाचा हुता. मग आता?" आमच्या कारखान्यात तो प्रश्न मीच सगळ्यांना विचारतो, दम देऊन.

मला माझा राग येतो तो जागा लिहिली म्हणून कमी, आणि का लिहिली म्हणून जास्त. कोणाला शिकवायला लिहिली असती तर एक वेळ समजलं असतं. मी लिहिली ती जिंकायला. दोन वर्षं मला येत नाही, येत नाही म्हणत लोकांकडून घेतलं. जरा यायला लागलं, आणि कोणी संशय घेतलेला सहन होईना. "मला ठाऊक नाही" हे लिहिताना जो माणूस बरा होता, तो "मला ठाऊक आहे" म्हणताना असा बिघडला. बाबा तीस वर्षं नावं घेत होते, पण कुठली फळं कुठून आणली ते त्यांनी कधी मोठ्याने सांगितल्याचं मला आठवत नाही. त्यांनी ते का सांगितलं नाही, हेही मी विचारलं नाही.

ब्लॉग मी बंद केला नाही, नुसता लिहायचा थांबलो. पुसून टाकावासा वाटतो. मग त्या नर्सबाईची ताकीद दिसते, वनरक्षकांचं "राग मानू नये" दिसतं. आखातातल्या माणसाची "होय, होय" दिसतात, आणि हात थांबतो. ते त्या लोकांचंही आहे. सुलभा म्हणते, "आता किती दिस घोकत बसतल्यात? चूक जाली, जाली." तिचं बरोबर असेल. पण चवथ दर वर्षी येते, आणि आली की सगळ्यात आधी मला किंदळीखालचा तो वाळका पसारा दिसतो. देव नंतर.

तर गेल्या साली, चवथीला दोन दिवस राहिले असताना, मी डिचोलीच्या बाजारात गेलो. सुभद्राबाय तिच्या नेहमीच्या जागी होती. गोणपाटावर घागऱ्यो, माट्टी, नागूलकुडे, दोन तोरिंगं. कांगलांची जागा रिकामी होती. म्हणजे तिने तिथे दुसरं काही मांडलंच नव्हतं. बाजूच्या एका टेंपोत मात्र कांगलांचे भारे रचलेले होते, मुळासकट ओढलेल्या वेलींचे, आणि लोक झुंबड करून घेत होते. कुठल्या रानातल्या ते मी विचारलं नाही.

मी तिच्यासमोर उकिडवा बसलो आणि सांगितलं. सगळं, थांबता थांबता. ब्लॉगवर लिहिलं ते, लोकांनी फिरवलं ते, त्या दिवशी वर गप्प राहिलो ते. पाऊस प्लास्टिकवर वाजत होता. तिचे हात घागऱ्यांवर होते, ते थांबले.

"लिवलेंय?"

"हय, मावशे."

"कित्याक?"

"एकान म्हटलें, हांव फट मारतां म्हणून."

"कोण तो?"

"ठाव ना. नाव लिवूंक ना."

तिने माझ्याकडे बराच वेळ बघितलं. रागाने बघितलं असतं तर मी सुटलो असतो. तिला खरंच समजून घ्यायचं होतं. "वळखीचो न्हय," ती हळूहळू म्हणाली, बोटांवर मोजल्यासारखं. "तोंड बघूक ना. नाव ठाव ना. आनी ताका दाखवूक..." तिने पदराने हात पुसले, घागऱ्या पुन्हा सारख्या लावायला लागली. एक घागरी वाजली आणि गप्प झाली.

मी उठायला हवं होतं. पण नुसतं कसं उठायचं, म्हणून मी पिशवी उघडली आणि एकेक वस्तू घ्यायला लागलो. तिने निमूटपणे दिली. गोणपाटाच्या कडेला, पानात गुंडाळलेलं, काहीतरी होतं जे मी आधी कधी बघितलं नव्हतं. तपकिरी, खरखरीत, बोराएवढी फळं, देठाला चिकटून तीन तीन. ती तिनेच आणलेली होती. देठावरचा तिरका काप मला ओळखता येत होता, शेंड्याचा, एका वाट्याचा. मी ते उचललं आणि सवयीने तोंडातून निघून गेलं, "मावशे, हें कितें?"

तिने त्या फळांकडे बघितलं. मग माझ्याकडे.

"माका ठाव ना, पुता."

मी मान खाली घातली. ते पानात होतं तसं परत ठेवलं आणि उभा राहिलो. माझ्यामागे एक बाई थांबली होती, तिशी-पस्तिशीची, छत्री खांद्याला लावून. तिने वाकून तेच उचललं आणि तोच प्रश्न विचारला. सुभद्राबायने तिला मनगटाला धरून जवळ ओढलं, तोंडाआड पदर धरला आणि तिच्या कानात काहीतरी सांगितलं. त्या बाईने मान डोलावली, आणि पाठ करावं तसं ते पुन्हा एकदा, आवाज न करता, ओठांतल्या ओठांत म्हटलं.